कमिट नेमकं कोण करतं?

पोस्टग्रेस या डेटाबेस सर्व्हरच्या सोर्समध्ये ‘कमिट ट्रान्झॅक्शन कमांड’ नावाचं एक फंक्शन आहे. प्रत्येक कमांड संपली की ते चालतं, पण तुम्ही ट्रान्झॅक्शन ब्लॉकच्या आत असाल, म्हणजे आधी बिगिन म्हटलेलं असेल, तर ते कमिट करत नाही. ‘एंड ट्रान्झॅक्शन ब्लॉक’ नावाचं दुसरं एक आहे. तुम्ही कमिट टाइप करून एंटर मारलं की ते चालतं आणि तेही कमिट करत नाही. (ट्रान्झॅक्शन म्हणजे एकत्रच पक्के किंवा एकत्रच रद्द होणारे बदल. कमिट म्हणजे ते पक्के करणं, अबॉर्ट किंवा रोलबॅक म्हणजे रद्द करणं. सोर्समध्ये ही नावं सलग लिहिलेली असतात, मी इथे फोडून लिहिते आहे.)

एवढं एका दमात सांगता यायला मला तीन आठवडे लागले. त्यातला पहिला आठवडा तर फुकटच गेला.

काम माझ्याकडे आलं ते माझ्याच चुकीमुळे. आमची टीम पोस्टग्रेससाठी एक एक्स्टेन्शन लिहिते आणि सर्व्हरच्या सोर्सची थोडी बदललेली प्रतही सांभाळते. एक्स्टेन्शनमध्ये मी एक कॉलबॅक, म्हणजे ठरावीक वेळी सर्व्हरने आपणहून बोलवायचं फंक्शन, बसवला होता. ट्रान्झॅक्शन कमिट झालं की त्याला किती वेळ लागला याची नोंद शेजारच्या प्रोसेसकडे पाठवायची आणि पाठवता आली नाही तर एरर द्यायची, एवढंच त्याचं काम. पाठवणं फसल्यावर काय होतं हे मी एका साध्या सिलेक्टवर, म्हणजे नुसत्या वाचणाऱ्या कमांडवर, तपासलं. एरर आली. सोबत ‘कमिटच्या स्थितीत असताना अबॉर्ट’ अशा अर्थाची एक वॉर्निंगही आली होती. ती मी वाचली आणि सोडून दिली.

मग सगळ्यांच्या सामायिक टेस्ट सर्व्हरवर कुणीतरी पहिला इन्सर्ट केला, म्हणजे टेबलात नवी ओळ घातली. शेजारची प्रोसेस नेमकी तेव्हा बंद होती. एरर नाही, थेट पॅनिक, म्हणजे सर्व्हरने स्वतःलाच पाडणं. अख्खा सर्व्हर बसला, सगळ्यांची कनेक्शन्स तुटली आणि सर्व्हरच्या संदेशांच्या लॉगमध्ये ओळ होती की हे ट्रान्झॅक्शन रद्द करता येत नाही, ते आधीच कमिट झालेलं आहे.

त्याचं कारण नंतर कळलं. माझा कॉलबॅक चालतो तेव्हा कमिट होऊन गेलेलं असतं. तिथे एरर दिली की सर्व्हर नेहमीच्या वाटेने अबॉर्टकडे वळतो. अबॉर्टची नोंद करणारं फंक्शन आधी खात्री करतं की या क्रमांकाचं ट्रान्झॅक्शन कमिट तर झालेलं नाही ना. झालेलं असेल, तर एकाच ट्रान्झॅक्शनबद्दल दोन परस्परविरोधी गोष्टी लिहिण्यापेक्षा सर्व्हर पाडलेला बरा, असा तो हिशेब आहे, आणि तो बरोबरच आहे. सिलेक्टच्या वेळी हे घडलं नाही, कारण ८.३ या आवृत्तीपासून, म्हणजे २००८ पासून, ट्रान्झॅक्शनला क्रमांक मिळतो तो खरोखर काही लिहायची वेळ आल्यावर. नुसतं वाचणाऱ्याला क्रमांकच नाही, मग तपासायचं काय? म्हणून माझी टेस्ट हसत हसत पास झाली होती.

लाज वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. कॉलबॅक नोंदवणाऱ्या फंक्शनच्या डोक्यावर स्पष्ट लिहिलेलं आहे की हा कॉलबॅक कमिट किंवा अबॉर्ट झाल्यानंतर चालतो, त्यात फक्त किरकोळ साफसफाई करावी. मी ती ओळ कधी पाहिलीच नव्हती. कॉल दुसऱ्या एका एक्स्टेन्शनमधून उचलला होता, व्याख्येपर्यंत गेलेच नव्हते.

आमच्या टीममधले सगळ्यात जुने सहकारी आहेत, त्यांनी फार काही ऐकवलं नाही. म्हणाले, “आता तूच लिही. ट्रान्झॅक्शनच्या या फाइलमधलं कुठलं फंक्शन कधी चालतं आणि कुठे काय करायचं नाही. नव्या माणसाला कळेल असं.”

फाइल हजारो ओळींची. मी वरून सुरुवात केली आणि एकेक फंक्शन वाचत त्यावर कॉमेंट लिहीत खाली आले. ‘ट्रान्झॅक्शन सुरू करतं, मेमरी कॉन्टेक्स्ट तयार करतं, स्थिती बदलतं.’ ‘ट्रान्झॅक्शन कमिट करतं, लॉक सोडतं, मेमरी मोकळी करतं.’ आठवडाभरात चाळीसेक फंक्शनं झाली. रिव्ह्यूला पाठवलं तेव्हा मनातून खूश होते.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या खुर्चीशी येऊन उभे राहिले. “अगं, हे तर कोडच सांगतोय. मला सांग, तुझं हे सगळं वाचून तू त्या दिवशीची चूक टाळली असतीस का?”

नसती टाळली. ‘कमिटचे कॉलबॅक चालवतं’ एवढंच मी लिहिलं होतं. खरं होतं, आणि निरुपयोगी.

त्याच फोल्डरमध्ये एक रीडमी आहे. तिच्याकडे मी तेव्हा वळले, जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. तिच्यात म्हटलंय की ही व्यवस्था तीन थरांची आहे. तळाच्या थरातली फंक्शनं खरोखर ट्रान्झॅक्शन सुरू करतात, कमिट करतात, अबॉर्ट करतात. मधल्या थरातली प्रत्येक कमांडच्या आधी आणि नंतर चालतात. वरच्या थरातली चालतात ती तुम्ही स्वतः बिगिन, कमिट, रोलबॅक, सेव्हपॉइंट असं काही म्हटलंत तर. मी फाइल वरून खाली वाचत होते, म्हणून तिन्ही थर माझ्या डोक्यात एकाच सपाट यादीत जमा झाले होते.

रीडमीवर नुसता विश्वास ठेवण्यापेक्षा डीबगर, म्हणजे चालता प्रोग्रॅम हव्या त्या फंक्शनवर थांबवून पाहण्याचं साधन, लावला. बिगिन, एक सिलेक्ट, एक इन्सर्ट, कमिट. ‘कमिट ट्रान्झॅक्शन कमांड’वर ब्रेकपॉइंट चार वेळा लागला. तळाच्या ‘कमिट ट्रान्झॅक्शन’वर एकदाच, अगदी शेवटी. मधल्या दोन कमांडींच्या वेळी मधल्या थराने फक्त कमांडचा गणक पुढे सरकवणारं फंक्शन बोलावलं (सिलेक्टने काही लिहिलेलं नसल्याने गणक खरा सरकला तो इन्सर्टनंतरच), म्हणजे आधीच्या कमांडने केलेला बदल त्याच ट्रान्झॅक्शनमधल्या पुढच्या कमांडला दिसावा. आणि ‘एंड ट्रान्झॅक्शन ब्लॉक’ने काय केलं? एका चलात ‘आता संपवायचं आहे’ अशी खूण लिहिली आणि ते परतलं. त्याला तसंच करावं लागतं, कारण ते स्वतः एका चालू कमांडच्या पोटातून चाललेलं असतं. तिथेच ट्रान्झॅक्शन मिटवलं तर आपण बसलोय तीच फांदी तोडल्यासारखं होईल.

हे कळल्यावर एक गंमत दिसली. जिवंत ब्लॉकमध्ये रोलबॅक म्हटलं तरी वरचं फंक्शन फक्त खूण लिहितं, आणि प्रत्यक्ष अबॉर्ट करवून घेतं ते मधलं ‘कमिट ट्रान्झॅक्शन कमांड’च. एरर येऊन ब्लॉक आधीच फसलेला असेल आणि तुम्ही कमिट म्हटलंत, तर वरचं फंक्शन परतताना ‘नाही’ असं उत्तर देतं. त्याच उत्तरामुळे स्क्रीनवर कमिटऐवजी रोलबॅक असा शब्द उमटतो. हा शब्द मी कित्येक वर्षं पाहत होते. तो कुठून येतो हे कधी मनातही आलं नव्हतं.

दुसरा खर्डा लिहायला घेतला आणि अडले. इंग्रजीत लिहिताना वाक्यं गुळगुळीत होत होती आणि अर्थ सुटत होता. म्हणून आधी स्वतःसाठी मराठीत टिपणं काढायची, मग कॉमेंट लिहायची असं ठरवलं. पहिलंच वाक्य उतरलं ते असं: ‘येथे ट्रान्झॅक्शन कमिट केलं जातं.’ वाचल्यावर स्वतःलाच विचारलं, कोण करतं? ‘केलं जातं’मध्ये करणारा गायब असतो. बोलताना आपण असं बोलत नाही. बोलताना एकतर कुणीतरी काहीतरी करतं किंवा ते आपोआप होतं. मग टिपणांसाठी एक नियम केला की ‘केलं जातं’ कुठेही चालणार नाही. कर्ता सापडत नसेल तर कोडमध्ये जाऊन शोधायचा.

या एका नियमाने निम्मी टिपणं बाद झाली. उरलेल्यांत ‘झालं’ हा शब्द खटकायला लागला. कमिट ‘झालं’ म्हणजे नक्की काय झालं? तेव्हा मी माझ्या मते एक अगदी निर्दोष वाक्य लिहिलेलं होतं: ‘कमिटची नोंद करणारं फंक्शन परतलं की बदल इतरांना दिसू लागतात.’ ते फंक्शन लॉगमध्ये (हा संदेशांचा लॉग नव्हे, सर्व्हर पडल्यास ज्यावरून सावरता येतं तो बदलांचा लॉग) कमिटची नोंद टाकतं, लॉग डिस्कवर ढकलतं, मग ट्रान्झॅक्शनच्या स्थितीच्या नोंदवहीत ‘कमिट’ असं लिहितं. ही नोंदवही म्हणजे प्रत्येक ट्रान्झॅक्शनला फक्त दोन बिट, आठ केबीच्या एका पानावर ३२,७६८ ट्रान्झॅक्शन्स. तिच्या फोल्डरचं नाव २०१७ मध्ये आवृत्ती १० पासून बदललं, पण सोर्स फाइल आणि ढीगभर कॉमेंट अजून जुन्याच नावाने बोलतात. असो. एवढं सगळं लिहून झाल्यावर दिसणार नाही तर काय?

सहकारी म्हणाले, “थांबवून बघ.”

एका सेशनमध्ये इन्सर्ट करून कमिट म्हटलं आणि डीबगरने ते बरोबर पुढच्या पायरीवर रोखलं. ही पायरी चालू ट्रान्झॅक्शन्सच्या सामायिक यादीतून आपलं नाव काढते. लॉग डिस्कवर गेलेला, नोंदवहीत ‘कमिट’ लिहिलेलं. दुसऱ्या सेशनमधून सिलेक्ट केला तर ती ओळ नाही. पुन्हा केला. नाही. माझं निर्दोष वाक्य साफ चूक होतं.

दुसरा सेशन एखादी ओळ बघताना आधी विचारतो की ही लिहिणारा अजून चालू आहे का. चालू असेल तर नोंदवही उघडायचीच नाही. ‘चालू आहे का’ हे आधी आणि ‘कमिट झालं का’ हे नंतर, या क्रमाबद्दल दृश्यता तपासणाऱ्या फाइलच्या सुरुवातीलाच बजावलेलं आहे. उलट क्रमाने विचारलं तर दोन प्रश्नांच्या मधल्या क्षणात कमिट होऊन जाऊ शकतं. मग पहिल्या प्रश्नाला ‘कमिट नाही’, दुसऱ्याला ‘चालूही नाही’ अशी उत्तरं मिळतात आणि एक सुखरूप ट्रान्झॅक्शन मेलेलं समजलं जाण्याची पाळी येते.

मग त्यांनी मला ती रोखलेली प्रोसेस किल मायनस नाइनने मारायला सांगितली. मारली. अपेक्षेप्रमाणे सर्व्हरने बाकीची कनेक्शन्सही तोडली, लॉग वाचून स्वतःला सावरलं आणि पुन्हा उभा राहिला. सिलेक्ट केला. ओळ होती! मघाशी कुणालाच न दिसलेली, कमिट म्हणणाऱ्याला उत्तरही न मिळालेली ओळ टेबलात व्यवस्थित बसलेली होती.

त्या दिवशी टिपणातला ‘झालं’ खोडला आणि चार शब्द लिहिले: टिकलं, दिसलं, सुटलं, कळलं. लॉग डिस्कवर गेला की ट्रान्झॅक्शन टिकलं. सामायिक यादीतून नाव निघालं की ते दिसलं. लॉक (इतरांना अडवून धरणारी कुलपं) मोकळे झाले की सुटलं. क्लायंटकडे उत्तर गेलं की कळलं. नेहमीचा क्रम हाच, आणि प्रत्येक दोहोंच्या मधल्या फटीत काहीतरी बिनसू शकतं. टिकलं पण कळलं नाही, ही अवस्था ज्याचं कनेक्शन नेमकं कमिटच्या वेळी तुटलंय त्याला ठाऊक असते.

दिसणं आधी आणि सुटणं नंतर, हे का? लॉक आधी सोडले असते तर त्यांच्यासाठी ताटकळणारा जागा झाला असता, आणि ज्याच्यासाठी थांबलो तो अजून चालूच आहे असं त्याला दिसलं असतं. नाव काढण्याची पायरी नोंदीनंतर आणि लॉक सोडण्याआधीच हवी, हे कोडमध्ये लिहिलेलं आहे. मी पहिल्या खर्ड्यात ते वाचून ‘नाव काढतं’ एवढंच उतरवलं होतं. आधी आणि नंतर हे दोनच शब्द कामाचे होते, नेमके तेच गाळले.

क्रमाला अपवादही निघाले, आणि दुसऱ्या खर्ड्याचा बराचसा वेळ त्यांनीच खाल्ला. सिंक्रोनस कमिट, म्हणजे लॉग डिस्कवर जाईपर्यंत थांबणं, बंद केलं की दिसणं आधी होतं आणि टिकणं मागून येतं. लॉग लिहिणारी प्रोसेस आपल्या सवडीने, मूळ सेटिंगमध्ये दर २०० मिलिसेकंदांनी उठते, आणि मधली जोखीम जास्तीत जास्त त्याच्या तिप्पट वेळेची. सर्व्हर त्या वेळात पडला तर इतरांनी पाहिलेलं ट्रान्झॅक्शन नाहीसं होऊ शकतं, मात्र डेटा विसंगत होत नाही. दुसरा प्रकार सिंक्रोनस रेप्लिकेशनचा, म्हणजे दुसऱ्या सर्व्हरवरही प्रत ठेवण्याचा. तिथे ट्रान्झॅक्शन आपल्या डिस्कवर टिकलेलं असतं, पण दुसऱ्या सर्व्हरची पोच येईपर्यंत कमिट करणारा थांबतो आणि तोवर कुणालाही दिसत नाही. कंटाळून तुम्ही ते थांबणं रद्द केलंत तर रद्द होतं ते फक्त थांबणं. वॉर्निंगमध्ये तसं लिहून येतं, की इथे कमिट झालेलंच आहे, तिकडे पोचलं असेल-नसेल.

अबॉर्टकडे मी मुद्दामच उशिरा वळले, कारण तिथे दोन फंक्शनं का आहेत हे कळत नव्हतं. एक ‘अबॉर्ट’, एक ‘क्लीनअप’. एरर आली की अबॉर्ट लगेच चालतं आणि लॉकबिक, इतरांना अडवणारं जे काही असेल ते सोडून देतं. पण ब्लॉक संपत नाही. तुम्ही रोलबॅक किंवा कमिट म्हणेपर्यंत प्रत्येक कमांडला नकार मिळत राहतो, आणि म्हटल्यावर क्लीनअप उरलेलं आवरतं. म्हणजे एरर खाऊन पडलेला, कुणी रोलबॅक न केलेला सेशन मी इतकी वर्षं ‘लॉक धरून बसलाय’ म्हणून मारत आले, त्यातले काही बिचारे निरपराध होते.

तिसऱ्या आठवड्यात लिहिणं खऱ्या अर्थाने सुरू झालं आणि त्यात सांगण्यासारखं कमी आहे. प्रत्येक फंक्शनवर कोण बोलावतं, आधी काय झालेलं असलं पाहिजे, इथे एरर दिली तर काय होईल, एवढंच. शेवटचा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा ठरला, कारण त्याचं उत्तर कमिटच्या वाटेवर जागोजागी बदलतं. कमिटपर्यंत लांबणीवर टाकलेले ट्रिगर (बदलामुळे आपोआप चालणारी फंक्शनं) चालत असताना एरर दिली तर साधं अबॉर्ट, काही बिघडत नाही. ‘कमिटपूर्वी’ नावाचा वेगळा कॉलबॅक आहे, त्यातही तेच. मला हवा होता तो खरं तर हाच. लॉगमध्ये नोंद टाकतानाच्या क्रिटिकल सेक्शनमध्ये, म्हणजे अर्धवट सोडता न येणाऱ्या भागात, एरर आली तर पॅनिक. आणि त्यानंतर, मी गाठलं होतं ते ठिकाण. तिथे माघारीची वाटच नाही.

सेव्हपॉइंटवर मी थोडंच लिहिलं. टू-फेज कमिटसाठीच्या प्रिपेअरवर एकच ओळ, तीही दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी. आमच्यात ते कुणी वापरत नाही.

ब्लॉकच्या स्थिती वीस आहेत. ‘डीफॉल्ट’पासून ‘सब-अबॉर्ट-रीस्टार्ट’पर्यंत. कुठली कमांड कुठल्या स्थितीतून कुठे नेते याचा तक्ता मी कॉमेंटमध्ये रकाने जुळवून, अर्धा दिवस घालवून काढला. मग सोर्स एकसारखा करणारं पीजी-इंडेंट चालवलं आणि तक्त्याचा एक लांबलचक परिच्छेद झाला, रकाने-बिकाने सगळे सरमिसळ. कॉमेंटची सुरुवात आडव्या रेघांनी केली की ते तिला हात लावत नाही, हे सोर्समध्ये शेकडो ठिकाणी दिसत असूनही मी त्या रेघा निव्वळ सजावट समजत होते. तक्ता पुन्हा काढला.

दुसऱ्या रिव्ह्यूमध्ये सहकाऱ्यांनी तीन ठिकाणी खुणा केल्या. दोन बारीक होत्या. तिसरी माझ्या लाडक्या परिच्छेदावर होती, ज्यात मी ड्रॉप टेबल मागे का घेता येतो हे रंगवून सांगितलं होतं: फाइल प्रत्यक्ष पुसली जाते ती कमिटनंतर, लॉकही सुटल्यावर, कारण पुसलेली फाइल परत आणता येत नाही. त्यांनी लिहिलं होतं, ‘छान आहे, पण इथे नको. पुसणाऱ्या फंक्शनवर हलव. इथे फक्त नंतरच का ते एका ओळीत.’ हलवला. जिवावर आलं, पण हलवला.

कॉलबॅकच्या जागी आता पाच ओळी आहेत: ‘या क्षणी ट्रान्झॅक्शन टिकलेलं आणि दिसलेलं आहे. लॉक अजून सुटलेले नाहीत. इथे एरर देऊ नका. दिलीत तर सर्व्हर पडेल. काही फसू शकत असेल तर ते कमिटपूर्वीच्या कॉलबॅकमध्ये करा.’

महिन्याभराने टीममध्ये नवीन आलेल्या मुलाने विचारलं, “तुम्ही लिहिलंय सर्व्हर पडेल. मी मुद्दाम एरर देऊन बघितली, पडला नाही. फक्त वॉर्निंग आली.”

“कशावर तपासलंस?”

“सिलेक्टवर.”

मी फाइल उघडली आणि सहावी ओळ लिहिली.